किती कापायचं?

विल्यम हॉलस्टेड हे अत्यंत काटेकोर सर्जन. रबरी हातमोजे घालून शस्त्रक्रिया करण्याची चाल त्यांच्याच विभागातून रूढ झाली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगावर केलेल्या ५० शस्त्रक्रियांचा अहवाल त्यांनी १८९४ मध्ये छापला आणि पुढची जवळजवळ ऐंशी वर्षं असंख्य बायकांच्या छातीवर त्या अहवालाची खूण उमटत राहिली.

शस्त्रक्रिया अशी: पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथी, हे सगळं एकसंध काढायचं. त्यामागचा तर्क सरळ होता. कर्करोग एका जागी उगवतो आणि कडेकडेने बाहेर सरकत जातो. रोगाच्या थोडं पुढे जाऊन कापलं की त्याची वाट बंद. आकडेही हॉलस्टेड यांच्या बाजूने बोलत होते. युरोपातल्या नामवंत सर्जनांच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना ऑपरेशनच्या जागी गाठ परत येई, हॉलस्टेड यांच्याकडे फक्त ६ टक्क्यांना.

मेख अशी, की मोजली जात होती ती छातीवर परत येणारी गाठ. रोग पुढे यकृतात किंवा हाडांत निघाला आणि बाई दगावली, तरी शस्त्रक्रिया यशस्वीच. ग्रंथींत रोग पोचलेल्या बहुतेक जणी पुढे वाचत नाहीत, हे खुद्द हॉलस्टेड यांच्या १९०७ च्या आकड्यांत दिसत होतं. त्यातून निष्कर्ष मात्र असा निघाला, की कापलं ते कमी पडलं. अनुयायांनी सुरी गळ्याजवळच्या ग्रंथींपर्यंत नेली, काहींनी बरगड्यांपर्यंत. बाई घरी जायची ती खोलगट छाती आणि सुजून जड झालेला हात घेऊन.

एवढं कापणं शक्य झालं ते भुलीमुळे. १८११ मध्ये पॅरिसमध्ये इंग्रज लेखिका फॅनी बर्नी यांचा स्तन भूल न देता काढला गेला. त्या प्रसंगाचं त्यांनी बहिणीला लिहिलेलं पत्र आजही वाचवत नाही. त्याआधी १८०४ मध्येच जपानच्या हानाओका सेइशू यांनी धोतरा आणि बचनाग घातलेल्या काढ्याने भूल देऊन एका साठ वर्षांच्या बाईच्या स्तनातली गाठ काढली होती. जपानचे दरवाजे तेव्हा परक्यांना बंद, त्यामुळे युरोपला त्याचा पत्ता नव्हता. बर्नी पुढे २८ वर्षं जगल्या. गाठ खरोखर कर्करोगाची होती का, हे आता ठरवता येणार नाही. पण अशी एक दीर्घायुषी रुग्ण पुढ्यात असली की सर्जनचा आत्मविश्वास किती वाढत असेल, याची कल्पना करता येते.

वेगळं बोलणारे होते. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेफ्री केन्स (अर्थतज्ज्ञ केन्स यांचे धाकटे भाऊ) १९२० च्या दशकात फक्त गाठ काढून स्तनात रेडियमच्या सुया बसवत. त्यांचे रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांपेक्षा कमी जगत नव्हते. पण हॉलस्टेड यांचे शिष्य आणि त्या शिष्यांचे शिष्य तोवर विभागप्रमुख झाले होते. गुरूने शिकवलेलं ऑपरेशन अर्धं करणारा सर्जन त्यांच्या लेखी कच्चा होता.

त्याहून मोठा इशारा गोठ्यातून आला होता. व्यालेल्या गाईचं दूध आटू नये म्हणून काही देशांतले शेतकरी तिची बीजांडं काढून टाकत. ग्लासगोचे जॉर्ज बीटसन यांना यावरून वाटलं, की बीजांडं आणि स्तन यांच्यात काही गुप्त संधान असलं पाहिजे. हार्मोन हा शब्दसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता. १८९५ मध्ये त्यांनी एका ३३ वर्षांच्या बाईची बीजांडं काढली. तिचा रोग ऑपरेशननंतर परत आला होता आणि पुन्हा कापण्यापलीकडे गेला होता. छातीवरच्या गाठी विरल्या आणि ती सुमारे चार वर्षं जगली. छातीला हात न लावता छातीतला रोग हटला! याचा अर्थ हा रोग फक्त छातीचा नव्हता. पण बीटसन यांचा उपाय तीनांतल्या एकीलाच लागू पडे आणि कोणत्या एकीला, ते सांगता येत नसे. ते कोडं सुटायला शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांना १९५८ च्या सुमारास बीजांडांतून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेनचा ग्राहक, म्हणजे पेशीत त्याला धरून ठेवणारं प्रथिन, सापडावा लागला. ज्या गाठीत तो असतो, ती इस्ट्रोजेनवर पोसते.

पुढचं काम, म्हणजे गाठीला इस्ट्रोजेन मिळू न देण्याचं, एका फसलेल्या औषधाने केलं. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत रसायनशास्त्रज्ञ डोरा रिचर्डसन यांनी १९६२ मध्ये एक रेणू तयार केला, तो गर्भनिरोधक म्हणून. बायकांमध्ये त्याने उलट बीजविमोचनाला चालना दिली. मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तो वाढलेल्या स्तनकर्करोगावर वापरून १९७१ मध्ये निष्कर्ष छापले. तोच टॅमॉक्सिफेन. आजवर त्याने किती आयुष्यं लांबवली, हे पाहता रिचर्डसन यांचं नाव इतकं अपरिचित असणं मला खटकतं.

आता मूळ वादाकडे. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांचं म्हणणं होतं, की गाठ हाताला लागते तोवर पेशी बहुधा रक्तातून शरीरभर फिरून आलेल्या असतात. छाती आणखी खरवडून फरक पडणार नाही. हे नुसतं म्हणून भागणार नव्हतं. १९७१ मध्ये त्यांनी चाचणी सुरू केली. कोणत्या बाईवर कोणती शस्त्रक्रिया हे डॉक्टरने नव्हे, चिठ्ठीने ठरवायचं. त्यासाठी सर्जनला रुग्णापुढे कबूल करावं लागे, की यातलं चांगलं कोणतं ते मला माहीत नाही. हे वाक्य अनेकांच्या घशातून उतरत नव्हतं. तरी अखेर १,६६५ जणी सामील झाल्या. पंचवीस वर्षांनंतरही आयुर्मानात फरक नव्हता. स्नायू काढलेल्या बायका काही जास्त जगल्या नाहीत.

दुसऱ्या चाचणीत स्तनच वाचवून पाहिला. पूर्ण स्तन काढलेल्या, फक्त गाठ काढलेल्या आणि गाठ काढून किरणोपचार दिलेल्या, तिन्ही गट वीस वर्षांनंतर सारखेच जगले. फक्त गाठ काढल्यावर त्याच स्तनात रोग परतण्याचं प्रमाण ३९ टक्के होतं. किरणोपचारांनी ते १४ वर आलं. मिलानमध्ये उंबेर्तो व्हेरोनेसी यांनाही असंच उत्तर मिळालं.

चित्र बदलायला बायकाही पुढे आल्या होत्या. तेव्हाची रीत अशी, की गाठ तपासायला बाईला भूल द्यायची, ती झोपेत असतानाच निदान करायचं आणि कर्करोग निघाला तर तिथेच स्तन काढायचा. उठल्यावर छाती चाचपून निदान कळे. पत्रकार रोज कुश्नर यांनी १९७४ मध्ये स्वतःच्या बाबतीत हे नाकारलं आणि फक्त तपासणी करून देणारा सर्जन मिळवायला त्यांना दारोदार फिरावं लागलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर शस्त्रक्रिया ठरल्याचं कळताच कुश्नर यांनी व्हाइट हाऊसला फोन केला. राष्ट्राध्यक्षांनी निर्णय घेतला आहे, असं उत्तर मिळालं. स्तन पत्नीचा, निर्णय पतीचा. सरकारी तज्ज्ञ समितीने निदान आणि शस्त्रक्रिया वेगळ्या करण्याची शिफारस केली ती १९७९ मध्ये, आणि त्या समितीवर कुश्नर होत्या.

जास्त म्हणजे चांगलं, ही समजूत मात्र सुरीकडून औषधांकडे गेली. १९९० च्या दशकात अमेरिकेत हजारो बायकांना केमोचे प्रचंड डोस दिले गेले. त्यात अस्थिमज्जा नष्ट होई, म्हणून आधी काढून ठेवलेली नंतर पुन्हा रुजवायची. विमा कंपन्यांना कोर्टात खेचून बायकांनी हा उपचार मिळवला. १९९९ मध्ये चाचण्यांचे निकाल आले तेव्हा ठळक फायदा दाखवणारे एकटे जोहान्सबर्गचे व्हर्नर बेझवोडा होते. पुढल्याच वर्षी त्यांची कागदपत्रं तपासायला पथक गेलं आणि ती चाचणी बनावट निघाली.

मुंबईच्या टाटा मेमोरियलने विचारलेले प्रश्न याच वळणाचे आहेत. रोग आधीच शरीरभर पसरला असेल तर स्तन काढून आयुष्य वाढतं का? राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी ३५० बायकांवर केलेल्या चाचणीचं २०१५ मधलं उत्तर: नाही. मॅमोग्राफीच्या यंत्राऐवजी प्रशिक्षित कार्यकर्तीने दर दोन वर्षांनी हाताने तपासलं तर? १९९८ पासून मुंबईतल्या दीड लाखाहून अधिक बायकांवर हे पाहिलं गेलं. २०२१ च्या निष्कर्षांनुसार पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. सगळ्या वयांचा एकत्रित फरक मात्र ठामपणे सांगण्याइतका नव्हता.

तिसरा प्रश्न सर्वांत साधा. कापताना काही पेशी निसटून जात असतील, तर गाठीभोवतीची जागा आधी बधिर केली तर? १,६०० बायकांपैकी निम्म्यांना ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन टोचलं, दातांचे डॉक्टर वापरतात तेच. पाच वर्षांनंतर टोचलेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या, न टोचलेल्यांपैकी ८६.४. दुसऱ्या गटाला खोटं इंजेक्शन दिलेलं नव्हतं, ही चाचणीची उणीव दाखवली गेली आहे, त्यामुळे हा प्रयोग इतरत्र पुन्हा व्हायला हवा. लिडोकेन इतकं जुनं आणि स्वस्त आहे, की त्यासाठी पैसा ओतण्यात कोणत्याही औषध कंपनीचा फायदा नाही. तो पैसा सरकारला किंवा धर्मादाय संस्थांनाच घालावा लागेल.