घरी शिकणाऱ्या मुलांची परीक्षा व धाव

शाळेत न जाता घरीच अध्ययन करणाऱ्या शेलूबाजारच्या मुलास दहावीच्या परीक्षेस बसावयाचे झाल्यास, 17 नंबरचा अर्ज मुदतीत भरून, शाळा सोडल्याचा मूळ दाखला रुजू करून, नेमून दिलेल्या संपर्क केंद्रामार्फत अमरावती विभागीय मंडळाकडे, ज्याच्या अखत्यारीत सबंध वाशीम जिल्हा येतो, खासगी विद्यार्थी म्हणून नोंद करावी लागते. आणि ही मुदत परीक्षेच्या कित्येक महिने आधीच संपत असल्याने पालकांनी तारखेकडे पाठ्यपुस्तकांइतकेच लक्ष पुरवावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

शरीरक्षमता अजमावण्यास ‘खेलो इंडिया’च्या शालेय कसोट्या घरीही उपयोगी पडतात: 9 ते 18 वयोगटासाठी 50 मीटर व 600 मीटर धाव, बसून पुढे वाकणे, 30 सेकंदांत पाठीवर निजून अर्धे उठणे आणि जोर. धावपट्टी टेपाने मोजावी. मात्र उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडून पाय मुरगळण्याचे भय असते, तेव्हा मुरमाचे सपाट मैदानच बरे.

पुढे पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांस 1600 व मुलींस 800 मीटर धावावे लागते. शिवाय 100 मीटर धाव व गोळाफेक दोघांसही असते.