मोटार हांकण्याचे पहिले धडे

घरांत मोटार आहे, पण ती चालविणारें माणूस एकच, अशी स्थिति शहरांतील पुष्कळ कुटुंबांत असते. तें माणूस परगांवीं गेलें म्हणजे गाडी दारांत उभी राहते. आणि मध्यरात्रीं आजीचा श्वास कोंडला तर घरचीं मंडळी रिक्षा शोधीत रस्त्यावर उभीं असतात. म्हणून घरांतील आणखी एकानें तरी ही विद्या शिकावी. परंतु तिच्यांतील चुकीचें फळ पुष्कळदां तिऱ्हाइताला भोगावें लागतें. भारतांत २०२२ सालीं रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. म्हणजे दिवसास ४६० हून अधिक. त्यांतील शेंकडा सुमारें ७१ मृत्यूंस अतिवेग कारण झाल्याची सरकारी नोंद आहे. तेव्हां शिकणें तें नीट शिकावें.

प्रथम कायद्याचें थोडें. हिंदुस्थानांत मोटारींचा कायदा १९१४ सालीं झाला, दुसरा १९३९ सालीं, आणि सध्यांचा १९८८ चा. मोटारीसाठीं वयाचीं १८ वर्षें पुरीं हवींत. रस्त्यावरील चिन्हें व नियम यांची परीक्षा घेऊन शिकाऊ परवाना मिळतो. त्याची मुदत सहा महिने. शिकाऊ माणसाच्या गाडीवर पुढें व मागें पांढऱ्या जागेवर तांबडें ‘एल्’ अक्षर हवें, आणि शेजारीं पक्का परवाना असलेलें माणूस बसलेलें हवें. हें अक्षर लावण्यास पुष्कळांना लाज वाटते. वास्तविक मागून येणाऱ्यास सबूर करण्याची ती आपली एकमेव विनंति असते. ती ठळक असावी.

मुलगा पंधरा वर्षांचा असून गाडी कशी सफाईनें काढतो, हें पाहुण्यांस कौतुकानें सांगणारे वडील अजून भेटतात. २०१९ च्या दुरुस्तीनें अल्पवयी मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकास किंवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं.

आतां शिकावें कोणापाशीं? नवऱ्यानें बायकोस किंवा बापानें मुलीस शिकवूं नये असा कायदा नाहीं. पण घरांतील शांततेचा विचार करतां परका शिक्षक बरा. शिवाय घरच्या गाडींत शेजारच्या माणसाच्या हातीं फार तर हँडब्रेक असतो. शिकवणीच्या गाडींत त्याच्या पायाखालीं ब्रेक व क्लच यांचा दुसरा संच असतो. मात्र या सोयींतच एक धोका आहे. शिक्षक गुपचूप आपला पाय चालवितो, गाडी अलगद थांबते, आणि विद्यार्थ्यास वाटतें कीं ती आपणच थांबविली. असे वीस दिवस गेले म्हणजे आपल्याला काय येतें हें त्याचें त्यालाच कळत नाहीं. म्हणून पहिल्याच दिवशीं शिक्षकास स्पष्ट सांगावें कीं, ‘साहेब, आपण पाय लावलात कीं तोंडानें बोला.’ नियमांप्रमाणें मोटारीचें शिक्षण निदान २१ दिवस चालावें, आणि प्रत्यक्ष हांकणें दहा तासांहून कमी नसावें. दहा तास म्हणजे फार नव्हे. माझ्या मतें तेवढेच तास पुन्हां, वेगळ्या वेळीं व वेगळ्या रस्त्यांवर, घालविल्याखेरीज एकट्यानें बाहेर पडूं नये.

नवशिक्यास सर्वांत छळतो तो क्लच. तो पायानें शिकण्यापूर्वीं डोक्यानें समजून घ्यावा. गाडी उभी असतांनाहि इंजिन मिनिटास सातआठशें फेरे घेत असतें. चाकें मात्र स्तब्ध. फिरणारें आणि न फिरणारें यांची एकदम गांठ घातली तर इंजिन गुदमरून बंद पडतें, नाहीं तर गाडी हिसका देऊन उडी घेते. यासाठीं दोहोंच्या मध्यें एक चकती असते. एरव्हीं ती इंजिनाच्या चाकावर घट्ट दाबलेली असते. क्लच दाबला कीं ती सुटी होते. पाय हळूहळू वर घेतला म्हणजे ती प्रथम नुसती घासते, घासतां घासतां वेग घेऊं लागते, आणि अखेर बरोबरीनें फिरते. चालत्या बसमध्यें चढणारा माणूस आधीं बसबरोबर चार पावलें धांवतो, तसेंच हें. (तसें चढूं नये, हा भाग निराळा.)

ही घासण्याची जागा ओळखणें हाच खरा पहिला धडा. ती आली म्हणजे इंजिनाचा आवाज किंचित् खालीं येतो व गाडीच्या अंगांत बारीक कंप उठतो. त्या ठिकाणीं पाय दोन क्षण स्थिर ठेवावा. गाडी आपण होऊन सरकूं लागली म्हणजेच तो पुरा उचलावा. बहुतेक गाड्या सपाट मैदानावर ऍक्सिलरेटरला न शिवतांहि अशा निघतात. हा प्रयोग एका सकाळीं पन्नास वेळां करावा. कंटाळवाणा आहे, पण पुढचें सारें सोपें होतें. चढावर हँडब्रेक लावलेला ठेवावा, थोडें पेट्रोल देऊन कंप येईपर्यंत क्लच सोडावा, आणि मगच हँडब्रेक उतरवावा. गाडी मागें घरंगळत नाहीं. विजेच्या मोटारींत ही कसरतच नसते, कारण विजेची मोटर शून्य फेऱ्यांपासूनच जोर लावूं शकते.

गाडी काढतां येऊं लागली कीं शिकणाऱ्यास आपण शिकलों असें वाटतें. खरें शिक्षण थांबण्याचें. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशीं ३० किलोमीटर वेगानें तेवढ्यांत गाडी ८ मीटर पुढें जाते, आणि कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लागून थांबण्यास आणखी सुमारें ५ मीटर घेते, एकूण १३. वेग ६० केला तर पहिलें अंतर १७ मीटर होतें, पण दुसरें दुप्पट न होतां चौपट, म्हणजे सुमारें २० मीटर होतें, एकूण ३७. ज्या ठिकाणीं चेंडूमागें धांवणारें मूल पहिल्या गाडीपुढें वांचतें, तेथें दुसरी गाडी अजून ब्रेकवर पायच ठेवीत असते. पावसांत हीं अंतरें आणखी वाढतात.

यासाठीं दृष्टि बॉनेटवर न ठेवतां दूर ठेवावी. जिकडे डोळे, तिकडे हात वळतात. खड्ड्याकडेच पाहणारा बहुधा खड्ड्यांत जातो. उभ्या बसच्या पुढून कोणी तरी येणारच, असें धरून चालावें. आरशांत सर्वच दिसत नाहीं. मागच्या दाराशेजारची जागा मान वळवूनच पाहावी लागते, आणि आपल्याकडे स्कूटरवाला नेमका तेथेंच असतो.

घाटाची घाई करूं नये. पण बोरघाट किंवा कात्रज उतरण्याची पाळी येईल तेव्हां, साधारणपणें ज्या गिअरनें चढाल त्याच गिअरनें उतरावें, म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरतें. पेट्रोल वांचविण्यासाठीं न्यूट्रलवर गाडी सोडणारे सारा भार ब्रेकवर टाकतात. ते अतिशय तापले म्हणजे पाय दाबूनहि गाडी आवरत नाहीं.

शिकाऊ परवान्यास तीस दिवस झाल्याखेरीज पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येत नाहीं. नापास झाल्यास सात दिवसांनीं पुन्हां बसतां येतें. तीनदां नापास झाल्यास मात्र साठ दिवस थांबावें लागतें. तेवढ्यांत शिकाऊ परवान्याची सहा महिन्यांची मुदत टळत नाहीं ना, हें तारखेनिशीं पाहून ठेवावें.