डोळ्यांखालची सूज : घरगुती उपाय केव्हा, तपासणी केव्हा?

‘डॉक्टर, सकाळी उठल्यावर डोळे सुजलेले दिसतात, एखादे मलम द्या ना,’ अशी तक्रार घेऊन बरेच जण माझ्याकडे येतात. मलम मागणाऱ्याला मी आधी दोन प्रश्न विचारतो. पायांवर सूज येते का? आणि लघवी कशी होते? डोळ्यांचा आणि लघवीचा काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. तो संबंध समजावून सांगण्यासाठीच आजचा हा लेख.

पापण्यांची त्वचा शरीरात सर्वांत पातळ असते आणि तिच्याखालचा भाग सैल असतो. त्यामुळे शरीरात थोडे जरी पाणी साठले, तरी ते प्रथम येथे दिसते. रात्री आपण आडवे झोपतो तेव्हा हे पाणी चेहऱ्याकडे येते. सकाळी उठून हिंडू-फिरू लागलो की ते खाली उतरते.

बहुतेक वेळा कारण साधे असते. जागरण, रडणे, सर्दी, धुळीची अ‍ॅलर्जी, डोळे चोळण्याची सवय, किंवा रात्रीच्या जेवणात लोणचे, पापड, फरसाण यांची चंगळ. मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. दिवसभरात सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एक चहाचा चमचाभर मिठापेक्षा, जास्त मीठ पोटात जाऊ नये.

अशा सुजेवर उपायही साधेच आहेत. स्वच्छ रुमाल गार पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर दहा मिनिटे ठेवावा. काकडीच्या चकत्यांचा गुण आहे तो मुख्यतः गारव्याचा. बर्फ मात्र थेट त्वचेवर चोळू नये. झोपताना उशी थोडी उंच घ्यावी, वेळेवर झोपावे. कोणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडचे मलम आणून डोळ्यांभोवती लावू नये. त्याने त्वचा आणखी पातळ होते आणि डोळ्यातील दाबही वाढू शकतो.

उतारवयात दिसणाऱ्या पिशव्या वेगळ्या. तेथे डोळ्याभोवतीची चरबी पुढे आलेली असते. ती कोणत्याही मलमाने जात नाही. शस्त्रक्रियेने ती काढता येते, पण त्या पिशव्यांपासून धोका काहीच नसल्याने शस्त्रक्रिया केलीच पाहिजे असे नाही.

आता महत्त्वाचे. दोन ते सहा वर्षांच्या मुलाचे डोळे रोज सकाळी सुजत असतील, तर ‘बाळ गुटगुटीत झाले’ म्हणून खूश होऊ नका. मूत्रपिंडाच्या नेफ्रोटिक सिंड्रोम या विकारात प्रथिने लघवीवाटे निघून जातात आणि शरीरात पाणी साठते. सुरुवातीला ही सूजही दुपारपर्यंत उतरते, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. पुढे पाय आणि पोट सुजते, लघवी कमी व फेसाळ होते. सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी केली की प्रथिने जातात की नाही ते कळते. ही तपासणी स्वस्त असून बहुतेक ठिकाणी होते. वेळेवर औषध सुरू झाल्यास बहुसंख्य मुलांना चांगला गुण येतो. मात्र सूज उतरली म्हणून औषध मनाने बंद करू नये. घसा दुखून गेल्यावर किंवा अंगावर पिकलेल्या पुळ्या येऊन गेल्यावर एक ते सहा आठवड्यांत चेहरा सुजला आणि लघवी चहासारखी लाल-तपकिरी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मोठ्या माणसांनीही काही खुणा लक्षात ठेवाव्यात. चेहरा सुजट, वजन वाढते, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ राहते, अशा वेळी थायरॉइडची तपासणी करावी. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी लघवी व रक्ताची तपासणी टाळू नये. गरोदर स्त्रीच्या चेहऱ्यावर एकाएकी सूज आली, डोके दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ताबडतोब रक्तदाब मोजून घ्यावा. एकच डोळा लाल होऊन सुजला, दुखू लागला, ताप आला किंवा दिसणे कमी झाले, तर तडक रुग्णालय गाठावे.

तेव्हा एखाद्या दिवशीची सूज गार पाण्याच्या घडीवर सोडून द्या. पण ती रोज येऊ लागली, तर मलमाआधी लघवीची बाटली घेऊन दवाखान्यात या.