पान वाचण्याआधीची बेरीज

कुरुंदा हे हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यातले गाव. नरहर कुरुंदकरांचे आडनाव या गावावरूनच आलेले. समजा, येथील शाळेच्या कपाटात त्यांच्या एखाद्या पुस्तकाची जुनी प्रत आहे आणि ती आपल्याला संगणकाकडून वाचून घ्यायची आहे. कागद पिवळा पडला आहे, बांधणीकडे सावली आहे. अक्षर ओळखणे दूरच. आधी शाई कोणती आणि कागद कोणता, हेच संगणकाला ठरवावे लागते.

इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात ए-फोर आकाराचे पान टिपले, तर सुमारे ८७ लाख ठिपके होतात. प्रत्येकाला ० (काळा) ते २५५ (पांढरा) यांपैकी एक अंक मिळतो. साऱ्या पानाला एकच सीमा लावली तर सावलीतला कागदही शाई ठरतो. सीमा खाली आणावी तर फिकट अनुस्वार पुसले जातात. मग 'वंश'चा 'वश' होतो!

म्हणून प्रत्येक ठिपक्याची तुलना त्याच्या शेजाऱ्यांच्या सरासरीशी करतात. शेजार ३१ × ३१ चा धरला तर ९६१ अंक मिळवायचे, तेही ८७ लाख वेळा. एका पानासाठी आठशे कोटींहून अधिक बेरजा! गंमत अशी, की चौकट एक घर सरकली तरी ९६१ पैकी ९३० अंक तेच असतात. आपण तीच बेरीज पुन्हा पुन्हा करत बसतो.

हळदीच्या व्यापाऱ्याची वही आठवा. रोजच्या विक्रीपुढे आजवरची एकूण बेरीज मांडलेली असेल, तर मधल्या कोणत्याही दिवसांची विक्री एका वजाबाकीत निघते. हीच युक्ती आडवी-उभी दोन्हीकडे चालवू. फळ्यावर तीन ओळी मांडा: २, १, ३, ४, २, १, १, ५, २. आता प्रत्येक घरात त्याच्या वरच्या व डावीकडच्या साऱ्या अंकांची, त्याच्यासकट, बेरीज लिहा: २, ३, ६, ६, ९, १३, ७, १५, २१. खालच्या उजव्या चार घरांची बेरीज हवी? २१ मधून वरच्या ओळीचे ६ आणि डाव्या स्तंभाचे ७ वजा करा. कोपऱ्यातले २ दोनदा वजा झाले, ते परत मिळवा. उत्तर १०. मूळ अंक मिळवून पाहा: २+१+५+२. चौकट केवढीही असो, चार अंक पुरतात.

फ्रँक क्रो यांनी १९८४ मध्ये हा तक्ता संगणकावरील चित्रांसाठी मांडला. २००८ मध्ये शफैत, काइझर्स व ब्रॉयल यांनी तो छापील पानांच्या कामी लावला. अंकांच्या वर्गांचा दुसरा तक्ता केला की प्रमाण विचलनही तितक्याच झटपट मिळते.

एक खाचखळगा मात्र सांभाळावा. पूर्ण पांढऱ्या पानाची बेरीज सुमारे २२२ कोटी होते आणि ऋण-धन चिन्हासह ३२ बिटांत जास्तीत जास्त २१४ कोटींच्या आसपासचीच संख्या मावते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पानाच्या तळाशी अचानक ऋण आकडे दिसू लागले, तर चूक येथे शोधावी.

पान तिरके आहे का, हे पाहायला मात्र इतके ठिपके लागतच नाहीत. लांबी-रुंदी पाव केली तर ठिपके सोळाव्या हिश्शावर येतात, आणि शिरोरेषेचा कल तेवढ्यातही स्पष्ट दिसतो.