गाण्याचा पाठ कोण ठरवतो? (लेखांक ५)

मागच्या आठवड्यात आपण कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज़’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ पाहिला. चित्रपट, वर्ष, गायक, संगीतकार, रेकॉर्डचा क्रमांक हे सारं त्यात आहे, पण गाण्याची फक्त पहिली ओळ. अख्खी गाणी शुद्ध लिहून काढायचं काम उरलं होतं. १९९०च्या दशकात ते अंगावर घेतलं अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या जोडीच्या संशोधकांनी.

अडचण लिपीपासूनच होती. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, पण ती सर्वसाधारण संगणकांवर रुळायला बरीच वर्षं लागली. अविनाश चोपडे यांच्या ‘आयट्रान्स’ने वाट काढून दिली. रोमन अक्षरांत ठरलेल्या नियमांनी टंकायचं आणि छपाईला देवनागरी मिळवायची. लहान ‘टी’चा त, मोठ्या ‘टी’चा ट. ‘ज्ञ’साठी डी-एन-वाय हा आपला मराठी उच्चारही तिथे चालतो! देवनागरीचा टंक हॉलंडमधल्या फ्रान्स वेल्थुइस यांचा.

मला सर्वांत मोलाची वाटते ती या मंडळींची शिस्त. प्रत्येक गाण्याच्या माथ्यावर चित्रपट, गायक, संगीतकार, गीतकार यांची नोंद; शिवाय गाणं कुणी दिलं, लिप्यंतर कुणी केलं, कुणी तपासलं, हेही. चूक सापडली तर ती कुठून आली हे कळावं, दुरुस्ती करणाऱ्याचंही नाव राहावं, यासाठी. जुन्या पोथीचा पाठ ठरवणारे अभ्यासक याहून वेगळं काय करतात?

आणि पाठाचे प्रश्न खरोखरच पोथीइतके अवघड. ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची, म्हणून पडद्यावर असलेला एखादा अंतरा रेकॉर्डवर गायब. चित्रपटगृहाबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकेत तिसराच शब्द छापलेला. त्यात उर्दू शब्द कानाला एक वाटतो, असतो दुसराच. नुक्ता सुटला की अर्थही हलतो. विद्यार्थ्याने ऐकून टंकायचं आणि उर्दू जाणणाऱ्याने शब्द पारखायचा, ही जोडी जमली तिथेच नोंद भरवशाची झाली. आज कुठलंही गाणं क्षणात सापडतं, पण शब्द कुणी तपासले याचा बहुतेक ठिकाणी पत्ता नसतो. ही मला मोठी हानी वाटते. गीतकाराने निवडलेला शब्द आपण इतक्या सहज बदलू देता कामा नये.

आयट्रान्सचा उपयोग पुढे संस्कृत ग्रंथ संगणकावर आणणाऱ्यांनाही झाला. तो भाग पुढच्या लेखात.

तोवर एक विनंती. आजोबांच्या पेटीत चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका असतील, तर रद्दीत घालू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात अशा पुस्तिका जपल्या जातात. तिथे जरूर विचारा.