उंच प्रदेशातील सहलागवड आणि गढवालचे ‘बारानाजा’

बागकामाच्या पुस्तकांतून सहलागवडीचा विचार बहुधा किडींच्या अंगाने केलेला आढळतो. उंच प्रदेशात मात्र प्रश्नाचे स्वरूप पालटते. दर हजार मीटरांच्या चढास तपमान सरासरीने सुमारे ६.५ अंश सेल्सिअसने उतरते, वाढीचा हंगाम आखूड होतो आणि उतारावरील पातळ माती पावसाबरोबर वाहून जाते. अशा ठिकाणी शेजारची वनस्पती प्रतिस्पर्धी कितपत आणि आश्रयदाती कितपत, हाच खरा प्रश्न होय.

कॅलवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन येथे उपयुक्त आहे. ११ पर्वतीय प्रदेशांत त्यांनी निवडक वनस्पतींच्या भोवतालच्या वनस्पती काढून टाकल्या. खालच्या स्थळी राहिलेल्या वनस्पती सामान्यतः अधिक वाढल्या. वरच्या, थंड स्थळी त्यांची हानी झाली. अर्थात ही निरीक्षणे रानवनस्पतींची आहेत. पिकांस ती जशीच्या तशी लावणे धाडसाचे होईल.

पिकांचे उदाहरण म्हणून गढवालातील ‘बारानाजा’ पाहावे. नावात बारा धान्ये असली तरी संख्या स्थळपरत्वे बदलते. पावसाळी कोरडवाहू शेतात मंडुवा (म्हणजे आपली नाचणी), रामदाणा (आपला राजगिरा), राजमा, कुळीथ, उडीद आदी पिके एकत्र घेतात. राजम्याचा वेल राजगिऱ्याच्या ताठ खोडावर चढतो. नाचणीची तंतुमुळे वरच्या थरातील माती धरून ठेवतात. पिके निरनिराळ्या वेळी पक्व होत असल्याने जमीन एकदम उघडी पडत नाही.

द्विदल पीक शेजाऱ्यास नत्र पुरविते, हे विधान मात्र जपूनच केले पाहिजे. राजमा हा मुळातच नत्रस्थिरीकरणात दुबळा, आणि थंड मातीत मूलग्रंथींचे कार्य मंदावते. स्थिर झालेल्या नत्राचा मोठा भाग त्याच पिकाच्या अंगी राहतो. इतरांस तो मिळतो तो मुख्यतः पाने व मुळे कुजल्यावर, म्हणजे पुढील पिकास.

१९८० नंतरच्या दशकात या मिश्रणाऐवजी केवळ सोयाबीन पेरण्याचा शासकीय प्रचार झाला. टिहरीच्या परिसरातील ‘बीज बचाओ आंदोलना’ने त्यास विरोध केला. एकाच पिकाचे वजन हे माप धरल्यास मिश्रण नेहमीच उणे ठरणार. त्यासाठी भूमि-समतुल्य गुणोत्तर वापरावे : समजा, मिश्रणात नाचणी तिच्या स्वतंत्र उत्पादनाच्या ०.७ आणि राजमा ०.६ इतका आला, तर बेरीज १.३, म्हणजे तेवढ्याच धान्यास स्वतंत्र लागवडीत ३० टक्के अधिक जमीन लागली असती. या गुणोत्तरातही गुरांचा चारा व थोपवून धरलेली माती सहसा मोजली जात नाही. त्यांची नोंद वेगळीच ठेवावी लागते.