पाने कोणी काढली, मालक कोण झाला?

शहरातल्या कुठल्याही वस्तीत संध्याकाळी पाच मिनिटे उभे राहावे. एखाद्या तरी पोराच्या टी-शर्टवर लाल-पांढऱ्या वर्तुळांची, मधोमध चांदणी असलेली ढाल छापलेली दिसते. विचारले तर पोर चटकन सांगते, कॅप्टन अमेरिका. आमच्या ऑफिसात येणाऱ्या तरुणांना आम्ही परवा विचारले, की या गड्याच्या पहिल्या पुस्तकाची पाने कोणी काढली? एकजण 'स्टॅन ली' म्हणाला, बाकीचे गप्प. वाचकहो, ते पुस्तक आले तेव्हा स्टॅन ली हे जेमतेम अठरा वर्षांचे होते आणि त्या ऑफिसात वरकामाला होते. पाने काढणाऱ्याचे नाव जॅक किर्बी. ते नाव कोणालाच ठाऊक नव्हते आणि त्यात पोरांचा दोष आम्ही मानत नाही.

किर्बी यांचे मूळ नाव जेकब कुर्ट्झबर्ग. जन्म २८ ऑगस्ट १९१७, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातला. ऑस्ट्रियातून आलेले ज्यू कुटुंब, बाप कपड्यांच्या कारखान्यात कामगार. दाटीवाटीच्या इमारती, गल्लीगल्लीत पोरांच्या टोळ्या आणि रोजच्या हाणामाऱ्या. चित्रकला शिकायला प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये नाव घातले, पण आठवडाभरातच शिक्षण सुटले. पुढे फ्लायशर स्टुडिओत 'पॉपाय'च्या कार्टूनसाठी दोन हालचालींच्या मधली चित्रे भरण्याचे काम मिळाले. रांगेने टेबले आणि प्रत्येकाच्या वाट्याला हालचालीचा एक तुकडा. हा तर बापाचाच कारखाना, असे वाटून त्यांनी तेही सोडले. कारखान्याने मात्र त्यांना जन्मभर सोडले नाही.

जो सायमन या जोडीदारासोबत त्यांनी 'कॅप्टन अमेरिका'चा पहिला अंक केला. अंकावर तारीख मार्च १९४१ ची असली तरी तो डिसेंबर १९४० मध्येच बाजारात आला होता. मुखपृष्ठावर कॅप्टन अमेरिका हिटलरच्या थोबाडीत ठोसा हाणतो आहे. अमेरिका त्यावेळी युद्धात नव्हती. पर्ल हार्बरवरचा हल्ला डिसेंबर १९४१ चा, म्हणजे जवळजवळ वर्षभर नंतरचा. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा हिटलरचे उघड भक्त मोर्चे काढीत होते. त्यांच्या धमक्या येऊ लागल्या, ऑफिसला पोलीस पहारा लागला आणि महापौर ला गार्डिया यांनी स्वतः फोन करून धीर दिला, असे सायमन यांनी पुढे सांगितले आहे. कपडा कामगाराच्या तेवीस वर्षांच्या पोराने पेन्सिलीने घेतलेली ही भूमिका होती. अंक दहा लाखांच्या घरात खपला. नफ्यातला वाटा ठरल्याप्रमाणे मिळत नाही असे दिसल्यावर दोघेही दहा अंकांनंतर बाहेर पडले. कॅप्टन अमेरिका मालकाकडेच राहिला.

१९४३ मध्ये किर्बी सैन्यात गेले. ते चित्रकार आहेत हे कळल्यावर एका अधिकाऱ्याने त्यांना शत्रूच्या हद्दीत पुढे जाऊन टेहळणी करण्याचे आणि नकाशे काढण्याचे काम दिले! फ्रान्समधल्या थंडीने त्यांचे पाय इतके गोठले, की ते कापण्याची वेळ आली होती. पाय वाचले आणि ते परत येऊन टेबलावर बसले. १९४७ मध्ये सायमन-किर्बी जोडीने 'यंग रोमान्स' काढून प्रेमकथांच्या चित्रपुस्तकांचा नवाच धंदा उभा केला. १९५० च्या दशकात तो सगळा बाजारच कोसळला आणि किर्बी पुन्हा जुन्या मालकाच्या दारी आले. हीच कंपनी पुढे मार्व्हल म्हणून ओळखली गेली.

इथे आमच्यातला वकील कान टवकारतो. १९५८ ते १९६३ या काळात किर्बी आणि कंपनी यांच्यात लेखी करार नव्हता. पगार नाही, रजा नाही, विमा नाही. काम घरच्या तळघरात, कागद-पेन्सिली स्वतःच्या पैशाने घेतलेल्या आणि मजुरी पानावर. म्हणजे शुद्ध उक्ते काम. आणि काम करण्याची रीत अशी, की संपादक स्टॅन ली यांच्याशी थोडी चर्चा व्हायची, कधी तीही नाही. मग कथेतले प्रसंग, मांडणी, माणसांचे चेहरे आणि हाणामाऱ्या सगळे किर्बी पानांवर रचत. पाने तयार झाल्यावर ली संवाद भरत. धंद्यात हिला 'मार्व्हल मेथड' म्हणतात. 'फॅन्टॅस्टिक फोर' १९६१ चे, 'हल्क' आणि 'थॉर' १९६२ चे, 'एक्स-मेन' आणि 'ॲव्हेंजर्स' १९६३ चे. १९६६ मध्ये तर 'सिल्व्हर सर्फर' हे पात्र किर्बी यांनी कोणाला न विचारता कथेत घातले. पाने हातात पडल्यावर ली यांना ते प्रथम दिसले आणि हे स्वतः ली यांनी सांगितलेले आहे. तरीही दोन वर्षांनी त्या पात्राचे स्वतंत्र पुस्तक निघाले, तेव्हा ते दुसऱ्या चित्रकाराकडे गेले.

ली यांना खलनायक ठरवण्याची आम्हाला हौस नाही. त्यांचा बापही कपडे बेतणारा कामगारच. संवादांची त्यांची हातोटी खरीच होती. पण ते कंपनीचे पगारी संपादक होते, मालकाच्या पत्नीच्या नात्यातले होते आणि वर्तमानपत्रांना मुलाखती तेच देत. श्रेय बोलणाऱ्याच्या पदरात पडले, तळघरात बसलेल्याच्या नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकू, कारण चळवळीतला वाचक ती विचारणारच. 'ब्लॅक पँथर' हा आफ्रिकेतल्या वाकांडा देशाचा राजा ली-किर्बी यांच्या पुस्तकात जुलै १९६६ च्या अंकात आला. ओकलंडची ब्लॅक पँथर पार्टी ऑक्टोबर १९६६ ची. पार्टीने नाव पुस्तकावरून घेतलेले नाही. तिचा पँथर अलाबामातल्या लाऊंड्स काउंटीच्या काळ्या मतदारांच्या पक्षचिन्हातून आला. मुंबईत १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतले ते या पार्टीवरून. किर्बींचा पँथर वेगळा. तरीसुद्धा त्या काळच्या गोऱ्या पुस्तक-धंद्यात काळा राजा काढणे, तोही शास्त्रज्ञ, कोणाचा नोकर किंवा विदूषक नव्हे, याची नोंद आम्ही घेतोच.

१९७० मध्ये ते मार्व्हल सोडून डीसी कंपनीत गेले, तिथे 'न्यू गॉड्स' काढले, ते अर्ध्यात बंद पडले. १९७५ मध्ये पुन्हा मार्व्हल, १९७८ मध्ये पुन्हा बाहेर. मग टीव्हीच्या कार्टून धंद्यात कुठे त्यांना बरा पैसा आणि आरोग्य विमा मिळाला. वय साठीचे.

खरी कसोटी १९८४ मध्ये लागली. छापून झालेली मूळ पाने कंपन्या स्वतःकडेच ठेवत आणि त्यातली कित्येक गोदामातून चोरीला जाऊन बाजारात विकली जात. चित्रकारांनी आवाज उठवल्यावर मार्व्हलने पाने परत द्यायचे ठरवले. बाकीच्या चित्रकारांना एक पानी हक्कसोडपत्र. किर्बींना चार पानी! त्यात अटी अशा, की पाने तुमच्याकडे राहतील, पण प्रदर्शन आमच्या परवानगीशिवाय नाही आणि पात्रांच्या हक्कावर वाद घालायचा नाही. बदल्यात देऊ केलेली पाने किती? हजारो पाने काढलेल्या माणसाला अठ्ठ्याऐंशी. आम्ही कोर्टात अनेक हक्कसोडपत्रे वाचली आहेत. बहिणीकडून जमिनीचा हिस्सा सोडवून घेणारी बघितली, कामगाराकडून थकबाकी सोडवून घेणारी बघितली. ज्याच्या हक्काची मालकाला खरी भीती, त्याच्याच कागदात कलमे जास्त असतात. किर्बी यांनी सही केली नाही. देशभरातले चित्रकार-लेखक त्यांच्या बाजूने सह्या करून उभे राहिले. १९८७ मध्ये सुमारे दोन हजार पाने घरी आली. बाकीची कुठे गेली ते ज्याने विकली त्याला माहीत.

६ फेब्रुवारी १९९४ रोजी किर्बी वारले. पुढची लढाई त्यांच्या चार मुलांनी लढली. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्याप्रमाणे जुना कॉपीराइट दुसऱ्याला दिलेला असला, तरी छप्पन वर्षांनी निर्माता किंवा त्याचे वारस तो परत मागू शकतात. मात्र काम 'वर्क फॉर हायर', म्हणजे मालकाने पैसे देऊन करवून घेतलेले ठरले, तर निर्माता मालकच मानला जातो आणि परत मागायला काही उरतच नाही. डिस्नेने सुमारे चार अब्ज डॉलरला मार्व्हल घेण्याची घोषणा ऑगस्ट २००९ मध्ये केली. सप्टेंबरमध्ये मुलांनी २६२ कामांसाठी पंचेचाळीस नोटिसा धाडल्या. जानेवारी २०१० मध्ये मार्व्हलच वादी होऊन न्यूयॉर्कच्या कोर्टात गेली.

पुराव्याची गंमत पाहा. ज्या दोन माणसांत ते काम ठरत असे, त्यातला एक वारलेला. दुसऱ्याची, म्हणजे ली यांची, जबानी कंपनीच्या बाजूने. किर्बींच्या जीवनाचे अभ्यासक वारसांनी आणले, तर ते प्रत्यक्ष साक्षीदार नाहीत म्हणून त्यांचे म्हणणे बाजूला ठेवले गेले. जुलै २०११ मध्ये पूर्ण खटला न चालवताच निकाल कंपनीच्या बाजूने लागला. खरा निर्माता कोण किंवा किर्बींना न्याय्य वागणूक मिळाली का, हा आपल्यापुढचा प्रश्नच नाही, असे न्यायाधीशांनी निकालातच नोंदवले. काम कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणाच्या खर्चाने झाले, एवढेच पाहायचे. तळघर, पेन्सिली आणि कागद किर्बींचे असूनही पानाचे ठरलेले पैसे कंपनीने मोजले, सबब धोका कंपनीचा, सबब मालकी कंपनीची. २०१३ मध्ये अपिलातही मुख्य मुद्द्यावर हेच टिकले.

वारस सर्वोच्च न्यायालयात गेले. चित्रपट धंद्यातल्या कलावंतांच्या आणि लेखकांच्या संघटना पाठीशी उभ्या राहिल्या, कारण हा नियम त्यांच्याही गळ्याला लागणारा होता. अर्ज न्यायमूर्तींच्या बैठकीपुढे यायला तीन दिवस उरले असताना, २६ सप्टेंबर २०१४ रोजी, तडजोड झाली. तीन कोर्टे पायऱ्या चढून गेलेला वाद त्या तीन दिवसांत का मिटला असावा, हे आमच्या व्यवसायातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. आकडा गुप्त आहे. २०१३ चा निकाल मात्र तसाच कायम राहिला, म्हणजे दुसऱ्या एखाद्या चित्रकाराचे वारस उद्या कोर्टात गेले, तर त्यांच्यापुढे तोच ठेवला जाईल. तडजोडीनंतर निघालेल्या मार्व्हलच्या पुस्तकांवर ली यांच्या शेजारी किर्बी यांचे नाव निर्माता म्हणून छापले जाऊ लागले. ते वाचायला किर्बी नव्हते. त्यांना जाऊन वीस वर्षे झाली होती.